फिट असल्याचा दाखला
काल डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत थेंब टाकले, समोरचं सगळं पांढरंफटक झालं आणि पांढरकवड्याची ती दुपार आठवली. ट्रक चालवायला फिट असल्याचा दाखला आमच्या यांच्या खिशात होता, पण तपासणीत यांच्याही डोळ्यांत असेच थेंब टाकलेले. संध्याकाळपर्यंत गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "थांबू ना जरासं," मी म्हटलं. "कापसाच्या गाठी आजच पोचवाच्या हायत. तू समोरचं सांगत राह्य," म्हणत यांनी भर उन्हात हायवेवर ट्रक काढला. घसा कोरडा पडेस्तोवर मी सांगत राहिले, बैलगाडी आली, वळण आलं, आणि मग किंचाळलेच, "बकऱ्या!" ब्रेक करकचून लागला. "कुठं हायत?" यांनी विचारलं. बकऱ्या काचेच्या अगदी पुढ्यात होत्या. यांची नजर आज ठणठणीत आहे, तरी ट्रकमध्ये बसले की मी समोरचं मोठ्यानं सांगत राहते, आणि हे मला कधीच गप्प बस म्हणत नाहीत.