आधी पश्चिमेची भिंत

भिवपुरीच्या क्वार्टर्समध्ये आमचा बहुतेक संसार झाला. हे तिथल्या वीज केंद्रात नोकरीला होते. त्या घराच्या भिंती इतक्या जाड की उन्हाळा कधी आत यायचा नाही. निवृत्तीनंतर दहिवलीत लहानसं स्वतःचं घर घेतलं, तेव्हा भिंत म्हणजे काय ते कळलं.

पश्चिमेच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला लागून ह्यांचा पलंग. पावसाळ्यात ती भिंत पाणी प्यायची, आतून काळी बुरशी धरायची. मे महिन्यात तीच भिंत संध्याकाळी हात ठेववत नाही इतकी तापायची. ह्यांचा दमा दोन्ही ऋतूंत वाढत गेला. पलंग दुसरीकडे हलवायला जागा नव्हती. शेवटी डॉक्टर म्हणाले, "औषध मी किती वाढवू? आधी ती खोली कोरडी करा."

कंत्राटदाराने घराभोवती फेरी मारून चारही भिंतींचा जुना गिलावा काढून नवा करण्याचा खर्च सांगितला. तो ऐकून हे आत निघून गेले. कंत्राटदार म्हणाला, "ताई, मग नुसता वॉटरप्रूफ रंग मारू. कमी पैशांत चारही बाजूंनी घर चकाचक."

"रंगाखालचा गिलावाच सुटलाय. त्यावर रंग किती टिकेल?"

"दोन पावसाळे निघतील."

"मग नको. फक्त पश्चिमेची भिंत करा, पण पार विटेपर्यंत खरवडून. आणि त्या खोलीवरच्या गच्चीला पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवा, ऊन परतवायला."

"एकच भिंत? लोक हसतील, ताई."

"लोक ह्या खोलीत झोपत नाहीत."

गाडी घ्यायची म्हणून ठेवलेली शिल्लक त्यात जाणार होती. गाडीचं मी मनातून केव्हाच सोडून दिलं होतं. अडचण वेगळीच होती. गवंड्यांची बांबूची परांची उभी करायला शेजारच्या काकींच्या अंगणात जागा लागणार होती, आणि आमच्या दोन घरांत बोलणं बंद होतं. आमच्या गच्चीचं पाणी त्यांच्या अंगणात पडतं म्हणून त्या एकदा भांडायला आल्या होत्या. ह्यांनी त्यांना फाटकातूनच परत पाठवलं होतं.

मी गेले. काकी अंगणात वालाच्या शेंगा निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं.

"तिथं वाल हाय माजा. दिसतंय ना?"

"दिसतोय. वाल निघाल्यावर परांची बांधू."

"आन् तुमच्या गच्चीचं पानी? त्याचं काय?"

"पन्हळ फिरवून घेते, काकी. पाइप लावून पाणी आमच्या बाजूला उतरवते."

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "नवऱ्याला इचारलंस का गं?"

"नाही."

"मंग आदी इचार. उद्या तो परांची पाडंल."

घरी येऊन सांगितलं तर हे भडकले. "म्हणजे चूक आपली होती असं झालं!"

"अहो, पाणी आपल्याच गच्चीचं आहे ना?"

बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत मी पाठ चोळत राहिले. मग ते पलीकडे बघत म्हणाले, "कर तुला काय करायचं ते."

वाल निघाला आणि काम सुरू झालं. जुना गिलावा पाडला तर एप्रिलातसुद्धा आतल्या विटा ओल्या होत्या. खिडकीखाली मोठी भेग निघाली. तिच्यामुळे खर्च वाढला, म्हणून स्वयंपाकघराचा नवा ओटा मी रद्द केला. नवा गिलावा झाला तो भर मे महिन्यात, नेमकं नळाला एक दिवसाआड पाणी येत असताना. गिलाव्याला मात्र सकाळ-संध्याकाळ पाणी हवंच. मी बादल्या वाहत होते. तिसऱ्या दिवशी कुंपणावरून रबरी नळी येऊन माझ्या पायाशी पडली.

"माज्या बोअरचं पानी घे," काकी म्हणाल्या. "गिलावा फुटला तर परत माज्याच अंगनात परांची बांधशील. परत नाय देनार."

मी नळी उचलली. दिवसातून दोन वेळा मी भिंत चिंब करायचे, तेव्हा हे खिडकीतून पाहत असायचे. एका संध्याकाळी ते स्वतः बाहेर आले, कुंपणापाशी उभे राहिले आणि काकींना म्हणाले, "पन्हळ फिरवलीय. पाऊस पडला की बघा, एक थेंब येतो का." काकी म्हणाल्या, "बगीन." एवढंच बोलणं झालं.

पावसाने नेहमीसारखंच झोडपलं. मी रोज आतून भिंतीला हात लावायचे. थंड लागायची, ओली नाही. ह्यांचा दमा गेला नाही, पण रात्री उठून बसणं थांबलं. गल्लीतले लोक खरंच हसले. एक बाजू नवी, तीन बाजू शेवाळलेल्या, असं आमचं घर.

दिवाळी झाल्यावर मी कंत्राटदाराला फोन केला. त्याने विचारलं, "आता उरलेल्या तिन्ही?"

"नाही," मी म्हटलं, "यंदा उत्तरेची."