रिकामा काटा

दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करायचा म्हणून त्याला सगळे काटेमास्तर म्हणायचे. नाव शोभायचं, कारण माणूस बोलायलाही टोचराच. दुकानदार तक्रार घेऊन आला की याचा पहिला प्रश्न ठरलेला: "काटा रिकामा बघितलास का?" माल उतरवायचा, पारडं पुसायचं आणि सुई शून्यावर बसते का ते बघायचं. सुई मुळातच दोन रेघा पुढे असेल तर बिचाऱ्या मालाचा काय दोष? तीस वर्षांत हे त्याने इतक्यांना ऐकवलं की बायको म्हणायची, एकदाचं पाठीवर गोंदवून घ्या.

आणि पाठच नेमकी धरली. दोन वर्षांमागे वीस किलोचं वजन उचलताना कमरेत चमक भरली. डॉक्टरांनी दहा दिवसांपुरती जोरदार गोळी दिली. दहा दिवसांची दोन वर्षं कशी झाली ते औषधवाल्याला विचारा, जुन्या चिठ्ठीवर तोच देत राहिला. सकाळी एक, दुपारी एक. रविवारी मात्र नाही. रविवारी वजनं उचलायची नाहीत तर गोळी कशाला? हा मास्तरांचा स्वतःचा शहाणपणा, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

रविवारी दुपारी धाकटा भाऊ यायचा. म्हातारे वडील त्याच्याकडे असायचे. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं, मग हळूच विषय निघायचा, दादा, सहा महिने तरी वडिलांना तू ने, माझी बायको थकली आता. मास्तर बघू, बघू म्हणायचे. पण भाऊ जिना चढायच्या सुमाराला यांना जांभयांवर जांभया सुरू व्हायच्या, नाक गळायचं, घाम फुटायचा, पाय एका जागी ठरायचे नाहीत. पोटात असा मुरडा, की भावाला बसवून दोनदा संडासात पळावं लागायचं. अंगावर काटा यायचा तो वेगळाच, आणि हा एकच काटा त्यांना दुरुस्त करता येत नव्हता. सोमवारी कामावर पोचेपर्यंत माणूस ठणठणीत.

बायको म्हणाली, टेन्शन आहे, दुसरं काय. भावजी आले की तुमचं पोट बिघडतं. शेजाऱ्यांनीही माना डोलावल्या. आता खरं सांगायचं तर मास्तरांना हे निदान फार सोयीचं पडलं. वडिलांना आणायची इच्छा नव्हतीच. आता नाही म्हणायला पोटच साक्षीला उभं राहिलं.

एका रविवारी मुरडा जरा जास्तच होता. मास्तर घाम पुसत बाहेर आले आणि भावाला म्हणाले, "तुझं तोंड बघितलं की माझी तब्येत बिघडते. येत जाऊ नकोस."

भावाने अर्धा चहा खाली ठेवला. बरं दादा म्हणाला, चपला घातल्या आणि गेला. परत आला नाही. मेला शब्दाचा पक्का.

पुढच्या रविवारी जिन्यावर पाऊल वाजलं नाही, पण जांभया आल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही आल्या. बायको म्हणाली, मनात धसका बसलाय, जाईल. मग एकदा औषधवाल्याच्या घरी कुणी वारलं आणि बुधवार, गुरुवार दुकान बंद राहिलं. मास्तरांच्या गोळ्या बुधवारी दुपारीच संपल्या होत्या. गुरुवारी एका दुकानात काटा तपासताना त्यांच्या हातातलं वजन थरथरायला लागलं, नाक गळायला लागलं, पोटात तोच मुरडा. ना रविवार, ना भाऊ. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली होती, आणि यांनी कावळाच हाकलला होता.

ते एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी वारासकट सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "ताणाने पोट बिघडतं, घाम येतो, ते खोटं नाही. पण तो त्रास काळजीबरोबर कमीजास्त होतो. तुमचा गोळी चुकली की येतो, सोबत जांभया आणि नाक गळणं, आणि गोळी घेतली की तासाभरात जातो. शरीराला गोळीची सवय लागली आहे. एकदम सोडू नका, मी हळूहळू कमी करून देते." आणि जाता जाता विचारलं, भाऊ यायचे थांबल्यावर काही फरक पडला होता का?

मास्तरांनी बोटांवर रविवार मोजले. तीस वर्षं जगाला शिकवलं, आणि स्वतःचा काटा एकदाही रिकामा बघितला नव्हता.

त्याच संध्याकाळी ते भावाच्या दारात उभे राहिले. गोळी, रविवार, बाई, सगळं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली रे मी, म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला. भाऊ हसला नाही. कळलं ते बरं झालं, म्हणाला. वडील आत झोपलेत, बघून जा.

वडिलांना बघून आल्यावर मास्तर म्हणाले, "या रविवारी ये. वडिलांचंही ठरवू."

"वडिलांना तू घेऊन जा, मी नाही म्हणत नाही," भाऊ म्हणाला. "पण मला नाही जमणार यायला. दोनदा निघालो होतो, दादा. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आलो की पोटात कळ येते, तिथूनच परत फिरतो. आणि मी तर कधी गोळीसुद्धा घेतलेली नाही."