धिरडं सुटलं

माझ्या सासऱ्यांनी घरातल्या स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकल्याचं मला आठवत नाही. पण संक्रांतीनंतरच्या रविवारी मळ्यात सगळ्या लेकी-जावयांना बोलवायचं आणि स्वतः तव्यापुढे उभं राहून धिरडी घालायची, हा त्यांचा नेम होता. तवा साधा नव्हता. शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानातून जाड पत्रा गोल कापून, मध्यभागी किंचित खोलगट ठोकून आणि दोन बाजूंना सळईच्या कड्या जोडून त्यांनी तो करून घेतला होता. त्यावर एका वेळी पाच धिरडी सहज मावत. वापरून वापरून तो इतका काळा आणि गुळगुळीत झाला होता, की उलथनं लावायच्या आधीच धिरडं जागचं हलायचं.

सासरे गेले आणि तो रविवार बंद पडला. त्यानंतर दोन वर्षं आम्ही सगळे शहरातल्या एका हॉटेलात जमलो, पनीर खाल्लं, मोबाइलवर फोटो काढले आणि आपापल्या घरी गेलो. सासूबाई दोन्ही वेळा आल्या नाहीत. गुडघे दुखतात, असं त्यांनी सांगितलं.

तिसऱ्या वर्षी माझी बायपास झाली. वय चोपन्न. शस्त्रक्रिया चांगली झाली. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही बरे आहात, नेहमीसारखं राहा." पण घरात ते कुणाला पटलं नाही. मी पाण्याची बादली उचलली की बायको धावत यायची. भाजीची पिशवी माझ्या हातून काढून घ्यायची. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली, तर मी खालीच बाकावर बसून राहायचं, असा अलिखित नियम झाला होता. बायकोचं बोलणंही बदललं. पूर्वी ती माझ्यावर हक्कानं चिडायची. आता ती माझ्याशी हळू आवाजात, आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं बोलायची. हळूहळू मलाही सवय लागली. जिना चढताना आपोआप हात छातीवर जायचा. भीती माझी होती की तिची, हेच कळेनासं झालं.

त्या वर्षी डिसेंबरात आम्ही दोघं गिरणारे गावाच्या पुढे असलेल्या मळ्यावर गेलो होतो. आता शेती मेहुणा बघतो. द्राक्षाचे मणी धरले होते, तो फवारणीच्या गडबडीत होता. मी पाय मोकळे करायला पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे गेलो, तर ठिबकच्या जुन्या नळ्यांच्या ढिगाखालून एक सळईची कडी बाहेर आलेली दिसली. नळ्या बाजूला सारल्या. तवाच होता. पावसाळे अंगावर घेऊन तो विटेसारखा लाल झाला होता. बोट फिरवलं तर गंजाचे पापुद्रे हातात आले.

मेहुणा मागून आला. "दाजी, तो भंगारात द्यायला काढलाय."

"नको देऊ. मी साफ करतो."

"त्यात काय राहिलंय आता? आणि नवा नॉनस्टिक मिळतो की."

"एवढा मोठा?"

त्यावर तो हसला. बायको मात्र हसली नाही. "अहो, हात लावू नका त्याला. किती जड आहे तो," ती म्हणाली. मी तव्याला हात लावला. उचलला नाही, पण कडीला धरून उन्हात ओढत आणला. एवढ्यानंच धाप लागली. ओट्यावर बसून श्वास जागेवर येईपर्यंत थांबलो आणि मग बायकोला सांगितलं, "यंदाचा रविवार मळ्यात करायचा. धिरडी मी घालणार."

तिनं मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्यानं द्राक्षांकडे पाहिलं.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की मी मळ्यावर जाऊ लागलो. बायको बरोबर यायची, लक्ष ठेवायला. मेहुण्यानं ग्राइंडर पुढे केला. "पाच मिनिटांत चकचकीत करतो, दाजी." मी नको म्हटलं. यात मोठं तत्त्व वगैरे काही नव्हतं. मला ते हातानं करायचं होतं, एवढंच. आधी खुरप्याच्या पात्यानं पापुद्रे खरवडले. मग तारेचा ब्रश, मग विटेचा तुकडा आणि वाळू. दहा मिनिटं घासायचं, थोडं बसायचं, परत घासायचं. चिंचेचा कोळ ओतला की लाल पाणी वाहायचं, आणि त्याखालून करड्या लोखंडाचा एखादा बोटभर पट्टा उघडा पडायचा. तो पट्टा बघून परत जोर यायचा. दुसऱ्या शनिवारी संध्याकाळपर्यंत अख्खा तवा करडा झाला. मी तो स्वच्छ धुतला, भिंतीला टेकवून उन्हात वाळत ठेवला आणि समाधानानं चहा प्यायला गेलो.

चहा पिऊन परत येतो तो तव्यावर पुन्हा केशरी छटा. उघडं लोखंड ओलं राहिलं तर चहा होईपर्यंतसुद्धा दम धरत नाही, हे मला माहीत नव्हतं. मेहुणा शेजारी उभा होता. त्याच्या ओठांवर ग्राइंडर हा शब्द स्पष्ट दिसत होता.

पुढच्या खेपेला मी आधी चूल मांडली. छाटणीच्या वाळलेल्या काड्यांच्या मोळ्या बांधाला रचलेल्याच होत्या. पुन्हा घासला, धुतला आणि ओला असतानाच मेहुण्याच्या मदतीनं चुलीवर चढवला. पाणी चरचरत उडून गेलं. तवा कोरडा ठणठणीत झाल्यावर त्यावर शेंगदाण्याचं तेल ओतलं, हात सैल सोडून, भरपूर. वाटलं, एवढी वर्षं उपाशी राहिलेला आहे, पिऊ दे पोटभर. धूर निघाला, तेल उकळलं, दाट झालं. गार झाल्यावर बघितलं तर वर तपकिरी रंगाचा चकाकणारा थर बसलेला. मला वाटलं, जमलं.

बायकोनं ज्वारीच्या पिठाचं थोडं सरबरीत मिश्रण करून आणलं होतं. मी तवा परत तापवला आणि पहिलं धिरडं घातलं. ते जे चिकटलं ते चिकटलंच. उलथनं घातलं तर अर्धं वर आलं, अर्धं तव्यावर राहिलं, आणि त्याच्याबरोबर तो चकाकणारा थरही डिंकासारखा ताणत वर आला. तोंडात घातलं तर जळक्या तेलाची कडू चव.

सासूबाई तोवर मळ्यातल्या घराच्या पडवीत बसून सगळं बघत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "जावईबापू, राहू द्या आता. ह्यांच्याबरोबर गेला तो तवा."

ते वाक्य मला लागलं. त्यांच्यावर राग नव्हता. पण जे मोडलं ते मोडलं, आता जपून ठेवायचं नाहीतर टाकून द्यायचं, हे मी वर्षभर ऐकत होतो. वेगवेगळ्या शब्दांत, माझ्याच बाबतीत.

मी तव्याजवळच बसून राहिलो. गार झाल्यावर त्यावरून बोटं फिरवू लागलो. मध्ये चिकट होतं, थेंबाथेंबांचे फोड आलेले. पण काठाकडे बोट गेलं आणि थांबलं. कडीजवळची दोन बोटं रुंदीची पट्टी एकदम गुळगुळीत होती. काळीभोर, कोरडी. नखानं खरवडली, निघेना. तिथं वेगळं काय झालं होतं? मग आठवलं. तेल कडेनं ओघळायला लागलं, तेव्हा मी फडक्यानं ती बाजू खसखसून पुसली होती. तिथं तेल जवळजवळ उरलंच नव्हतं.

म्हणजे तेल पाजायचं नव्हतं. लावायचं आणि जणू चुकून लागलं आहे अशा रीतीनं पुसून टाकायचं. जे डोळ्यांना दिसत नाही तेवढंच कामाचं होतं.

मी बायकोला हाक मारली. तिनं पट्टीवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काढलं नाही. "बाबांच्या तव्यासारखं लागतंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मळ्यावरच होतो. चिकट थर जाळून काढण्यासाठी मी काड्यांचा मोठा जाळ केला. द्राक्षाच्या काड्या भडकन पेटतात, ताव चांगला देतात, पण टिकत नाहीत. म्हणून खाली बाभळीचे दोन ओंडके सारले. थर जळून भुरभुरीत झाला, तो घासून काढला. आता पुसायला फडकं हवं होतं. जुन्या टी-शर्टाचं फडकं तापलेल्या पत्र्यावर वितळून चिकटायला लागलं.

"सुती द्या काहीतरी," मी ओरडून सांगितलं.

थोड्या वेळानं सासूबाई स्वतः पडवी उतरून आल्या. हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवून. हातात घडी घातलेलं पांढरं धोतर होतं. त्यांनी ते माझ्यासमोर धरलं आणि मध्यावर दात लावून टर्रकन फाडलं. "असं उगाच पेटीत ठेवून काय करू? घ्या," त्या म्हणाल्या.

मी तुकड्याची पुरचुंडी केली, काठीला बांधली, तेलात टेकवली आणि तव्यावरून फिरवली. मग कोरड्या तुकड्यानं सगळं पुसून काढलं, काहीच लावलं नाही असं दिसेपर्यंत. धूर आला, वाढला, विरळ होत थांबला. परत तेल, परत पुसणं, परत धूर. लोखंडाचा रंग आधी मधासारखा झाला, मग पिकल्या करवंदासारखा जांभळट, मग काळा. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. प्रत्येक वेळी धूर थांबला की त्या मान हलवायच्या आणि मी पुढचा हात द्यायचो. दुपारी त्यांनी पाण्याचे चार थेंब तव्यावर शिंपडले. थेंब मोत्यांसारखे गोल होऊन तव्यावर धावत सुटले. त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सगळे आले. बायकोच्या दोन्ही बहिणी, त्यांचे नवरे, मुलं, सुना, एक तान्हं बाळ. सकाळी मळ्यात चांगलीच थंडी होती. सगळे स्वेटर घालून चुलीभोवती गोळा झाले होते. शेकायलाही आणि माझी फजिती बघायलाही. ज्वारीच्या पिठात लसणाची पात, तीळ, हिरवी मिरची घालून बायकोनं पातेलंभर पीठ भिजवलं होतं. मेहुणा मोठ्यानं म्हणाला, "दाजींचं धिरडं न तुटता निघालं तर सगळ्यांची ताटं मी घासणार."

मी पळी भरून मधोमध ओतली आणि पळीच्याच बुडानं गोल गोल पसरवली. चर्र झालं. आता हात लावायचा नव्हता, थांबायचं होतं. कडा सुकल्या, जाळी पडली, मग कड तव्यापासून केसभर वर उचलली गेली. मी उलथनं नुसतं टेकवलं. धिरडं घसरलं. अख्खं, एका तुकड्यात, खाली तांबूस ठिपके घेऊन.

"सुटलं," सासूबाई म्हणाल्या. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. पहिलं धिरडं मी त्यांच्या ताटात घातलं. त्यांनी घास मोडला, ठेच्याला लावला, सावकाश चावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "लय भारी झालंय," त्या म्हणाल्या आणि जरा थांबून, "अजून एक टाका. ह्ये मला पुरायचं नाय."

मग मी थांबलोच नाही. एकाची दोन, दोनाची पाच धिरडी एकदम पडू लागली. धुरानं डोळे चुरचुरत होते, पाठीवर थंडी आणि पोटावर जाळ. मेहुणा काड्या सारायला बसला होता आणि अधूनमधून भिजवलेल्या पिठाच्या पातेल्याकडे बघून आता किती ताटं होणार याचा अंदाज घेत होता. मधेच बायको स्टूल घेऊन आली. माझ्या मागे ठेवलं. मी बसलो नाही. ती थोडा वेळ स्टुलाजवळ उभी राहिली. पंगतीतून तिची बहीण म्हणाली, "अगं, इकडे कधी येणार धिरडं?"

बायकोनं पंगतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पळी माझ्या हातातून ओढून घेतली आणि म्हणाली, "अहो, जरा लवकर हात चालवा. माणसं उपाशी बसलीत. मी घालते, तुम्ही उलटा. आणि तो जाळ केवढा केलाय, करपतंय सगळं."

हा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती क्षणभर थबकली. पण मग तिनं पळी भरली आणि परत माझ्यावरच खेकसली, "बघताय काय? पलटा ना."

मी पलटलं. छातीत धडधड होत होती. पण ती कामाची धडधड होती, मला तो फरक आता चांगला कळत होता. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, ती घालत होती आणि मी काढत होतो, पातेल्याच्या तळाला पळी घासायला लागेपर्यंत.

मेहुण्यानं खरोखरच सगळी ताटं घासली. लहान मेहुणीनं त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मी तवा गरम पाण्यानं आणि नारळाच्या काथ्यानं धुतला, चुलीवरच वाळवला आणि धोतराच्या तुकड्यानं तेलाचा एक हात देऊन पुसून ठेवला. त्यात आता माणसाचं तोंड अंधुक दिसत होतं.

संध्याकाळी घरी आलो, तेव्हा आमच्या कपड्यांना, केसांना, गाडीच्या सीटलाही धुराचा वास येत होता. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. त्यांनी नाक वर करून वास घेतला आणि काळजीनं विचारलं, "काय हो, आग-बिग लागली होती का कुठे?"

"नाही," मी म्हटलं. "पंचवीस माणसांचा स्वयंपाक केला."

बायको म्हणाली, "आम्ही दोघांनी."