गाऱ्हाण्याची फाइल

त्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी मी मोबाइलवर जेवढी चिडले, तेवढी आयुष्यात कुणावर चिडले नव्हते. खरं तर राग मोबाइलवर नव्हताच.

आमच्याकडे, पावसच्या बाजूला, आरती झाली की घरातला कर्ता पुरुष देवाला गाऱ्हाणं घालतो. वर्षभराचं सगळं देवापुढे मांडायचं, चुकल्यामाकल्याची माफी मागायची आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आमच्या घरात ते अण्णा, म्हणजे माझे वडील, घालायचे. उन्हाळ्यात त्यांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. मला ते शब्द न् शब्द पाठ होतं. मी म्हटलं, मी घालते.

मुंबईहून आलेले काका म्हणाले, “बाईमाणसानं गाऱ्हाणा घालायचा नाय. आपल्यात तसा रिवाज नाय.”

“मग तुम्ही घाला.”

काकांना दोन वाक्यांपलीकडे काही येत नव्हतं. त्यांनी तोडगा काढला. त्यांच्या मुलाने आदल्या वर्षी अण्णांचं गाऱ्हाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं, तेच लावायचं. म्हणजे डबड्याने बोललेलं देवाला चालतं, माझं नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर ते डबडं चालवायचं कामही माझ्याच गळ्यात.

चुलतभावाला रजा नव्हती, त्याने मुंबईहून ईमेल केला. बटणांच्या मोबाइलवर तेव्हा नुकतंच इंटरनेट आलं होतं आणि घरात रेंज नव्हती. घरामागच्या सड्यावर, डोंगरावरच्या पठारावर चढून, कातळावर तासभर उभं राहून मी ती फाइल उतरवून घेतली. मोबाइल म्हणाला, सेव्ह झाली. कुठे, ते सांगायची त्याला गरज वाटली नाही. गॅलरीत नाही, गाण्यांत नाही. चुलतभावाला फोन केला की एकच पालुपद, “गॅलरीत बघ ना.” रत्नागिरीला मोबाइलच्या दुकानात गेले, तर दुकानदार तोंड वर करून म्हणाला, “ताई, तुम्ही डाउनलोडच केली नसेल. कार्डात गाणी भरून देऊ का?” शाळेत पंधरा वर्षं गणित शिकवतेय मी. केलं की नाही केलं, एवढं मला कळतं.

घरी येऊन एकेक फोल्डर उघडत बसले. मेमरी कार्डात ‘अदर्स’ नावाच्या कप्प्यात, नुसत्या आकड्यांच्या नावाने ती पडली होती. मी ऐकलीसुद्धा नाही. मोबाइल काकांच्या पुढ्यात आदळला.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर काकांनी तो गणपतीसमोर पाटावर ठेवला. अण्णांचा आवाज आला. खुर्चीत बसलेल्या अण्णांनी डोळे मिटले. सगळे हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणू लागले, काका सगळ्यांत मोठ्याने.

मध्येच अण्णांचा आवाज अडखळून थांबला. मग मोबाइलमधूनच हळू आवाजात एक बाई म्हणाली, “पोराबाळांका सुखी ठेव म्हाराजा.” आणि मागोमाग अण्णांनी तेच म्हटलं. पुढचं वाक्यही आधी तिचं, मग त्यांचं.

ती मी होते. आदल्या वर्षी अण्णा विसरायला लागले होते आणि मी मागे उभी राहून त्यांना सांगत होते. मी ते विसरूनही गेले होते.

अण्णांनी डोळे उघडले, चालत्या हाताने आधी मोबाइलकडे बोट केलं, मग माझ्याकडे. मी मोबाइल बंद केला आणि उरलेलं गाऱ्हाणं घातलं.

‘व्हय म्हाराजा’ म्हणायला काकांना जरा वेळ लागला.