आत्याबाईंची हजेरी

लोकांना धक्का द्यायला कुणी भांडतं, कुणी घर सोडून जातं. माझ्या सासूबाई नुसतं जेवता जेवता एक वाक्य बोलायच्या आणि शांतपणे वरण वाढून घ्यायच्या. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. मी तुमसरची, राइस मिलमधल्या मिस्त्रीची मॅट्रिक झालेली मुलगी. लग्न होऊन सानगडीला आले तेव्हा माझी समजूत अशी की आता धक्के द्यायचे ते आपण आणि घ्यायचे ते या खेड्यातल्या भाबड्या माणसांनी. ती समजूत पहिल्याच वर्षी पार धुऊन निघाली.

आत्याबाई गावातल्या देवळाच्या सभामंडपात बारा वर्षांपासून बालवाडी चालवत होत्या. शिक्षण सातवी, तेही माहेरचं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत गावच्या सगळ्या बाया बांध्यांमधल्या चिखलात उतरल्या की त्यांची लेकरं आत्याबाईंच्या ताब्यात. त्यांना गाणी शिकवायची, नाकं पुसायची, रडणाऱ्याला मांडीवर आणि मारणाऱ्याला खांबाजवळ बसवायचं, ही त्यांची पद्धत. पोट्ट्यांचा त्यांच्यावर जीव होता आणि त्यांचा पोट्ट्यांवर त्याहून जास्त. अशात एक दिवस कागद आला, की यापुढे बालवाडीवर ट्रेनिंग झालेलीच बाई राहील. आत्याबाईंनी तो दोनदा वाचला, घडी घालून कमरेला खोचला आणि जेवायला बसल्यावर म्हणाल्या, "मी भंडाऱ्याले जाऊन राहिली. वर्षभर."

मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, घास हातातच राहिला. "काहून?"

"शिकाले."

"ह्या वयात?"

"लेकरं माह्यं वय इचारतेत का? थोडंसं वरण घे वं सूनबाई, कोरडंच खाऊन राहिली तू."

आणि गेल्या की हो! बालवाडी माझ्या गळ्यात घालून, डोक्यावर ट्रंक घेऊन, एस.टी.त बसून, अठरा वर्षांच्या पोरींच्या वसतिगृहात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी अख्ख्या वर्गाच्या डोक्यांना तेल चोपडलं, असं ऐकलं. दिवाळीला घरी आल्या त्या खंजिरी घेऊन. अंगणात सगळ्यांसमोर बेडकाच्या गाण्याचा सराव चालायचा, तोही उड्या मारून. एकदा ऐन उडीत त्यांचे भासरे, म्हणजे मामाजींचे थोरले भाऊ, फाटकातून आत आले. भासऱ्यांसमोर आत्याबाई कधी उभ्यासुद्धा राहत नसत. मला वाटलं, आता घरात पळतील. त्यांनी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि उरलेल्या चार उड्या पुऱ्या केल्या. भासरे आल्या पावली परत गेले आणि पुढे आठ दिवस आमच्या आळीला फिरकले नाहीत. मी तर दाराच्या चौकटीला धरून बसकण मारली.

एवढ्या धीट बाईला एकच गोष्ट जमत नव्हती. सासरच्या वडील माणसाचं नाव तोंडातून काढायचं नाही आणि नवऱ्याचं तर मुळीच नाही, कारण नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या आणि त्यावर त्यांचा पक्का विश्वास होता. आता गाव म्हटलं की तीच तीच नावं. बालवाडीतल्या पोरांत एक लक्ष्मण होता, म्हणजे आत्याबाईंच्या सासऱ्यांचं नाव. त्याला त्या 'रामाचा भाऊ' म्हणत. भासऱ्यांच्या नावाचा गणपत होता, त्याला 'लाडूवाला'. आणि मोतीराम नावाच्या चार वर्षांच्या गोळ्याला, मामाजींचंच नाव ते, 'ह्यांच्यावाला'! घरी या पोरांना बाळ्या-दादू म्हणत आणि आत्याबाईंच्या मागे मीही बालवाडीत हीच नावं चालवली, त्यामुळे खरं नाव त्यांच्या कानावर कधी पडलंच नव्हतं.

ट्रेनिंगचा शेवटचा पाठ आपापल्या गावच्या बालवाडीत द्यायचा होता. परीक्षक साहेब आले, मामाजींनीच त्यांना फाट्यावरून बैलगाडीने आणलं आणि स्वतः बाहेर ओट्यावर बसले. मी चहाची किटली घेऊन खांबाआड उभी. साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि हजेरी स्वतःच घ्यायला लागले. "लक्ष्मण?" कुणी बोलेना. "गणपत?" चिडीचूप. "मोतीराम?" पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. साहेबांनी चष्मा काढला.

"बाई, ही मुलं आहेत कुठे? का नुसती कागदावर भरलीत? हे मला वर कळवावं लागेल."

खोटी हजेरी ठरली तर वर्ष गेलं, बालवाडी गेली, अब्रूही गेली. सांगावं म्हटलं तर ही नावं मीही घ्यायची नाहीत, सून ना मी!

आत्याबाई उठल्या. पदर सारखा केला. एका पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुहं नाव लक्ष्मण आहे बाप्पा." दुसऱ्याला म्हणाल्या, "तुहं गणपत." मग तिसऱ्यापाशी गेल्या आणि थांबल्या. बाहेर ओट्याकडे एकदा पाहिलं. "तुहं नाव मोतीराम."

"नाही," ते पोरगं ठासून म्हणालं, "मी ह्यांच्यावाला!"

"मोतीराम आहे रे राजा. म्हण. मोतीराम."

तीनदा! किटली माझ्या हातून निसटली आणि चहा देवळाच्या पायऱ्यांवरून वाहत गेला. साहेबांना काही उमगेना. मी कसंबसं, एकही नाव न घेता, सगळं समजावलं, तेव्हा ते पोट धरून हसले आणि शेऱ्यात लिहून गेले, 'मुले बाईंना आपली मानतात.' आत्याबाई पास झाल्या. बालवाडी त्यांचीच राहिली.

त्या दिवशी गोठ्यात बैल बांधता बांधता मामाजी मला म्हणाले, "लग्नात घेतलं होतं तिनं माह्यं नाव. पण बाज्यात आयकू नाही आलं. आज आयकलं." दाव्याची गाठ आवळत म्हणाले, "बरं वाटलं. तिले सांगू नको वं, लाजंल."

मी नाही सांगितलं.

दोन वर्षांनी साध्या तापाचं निमित्त झालं आणि मामाजी गेले. आत्याबाई तेराव्यानंतर बालवाडीत जायला लागल्या, पण त्यांची खंजिरी खुंटीवरून उतरेना. एका दुपारी भात पाखडताना आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तीन डाव नाव घेतलं मी त्यायचं. एका सर्टिफिकिटासाठी." एवढ्या दिवसांपासून ही बाई असलं ओझं वागवत होती, हे कळून मला भडभडून आलं. मी मामाजींचं गोठ्यातलं बोलणं जसंच्या तसं सांगून टाकलं.

त्यांचं सूप थांबलं. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मंग तवाच काहून नाही सांगितलं मले? अजून घेतलं असतं."