वेगळा कप

पुण्याहून निघताना माझी तब्येत ठणठणीत होती, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. शेजारच्या सीटवरचे गृहस्थ मात्र संभाजीनगर येईपर्यंत खोकत होते. खोकून झालं की माझ्याकडे वळून म्हणायचे, "ॲलर्जी आहे, घाबरू नका." मी घाबरलो नाही. उलट त्यांनी पुढे केलेले खारे शेंगदाणेही खाल्ले, कारण नाही म्हणणं बरं दिसत नाही. बीडच्या गाडीतून वडीगोद्रीला उतरलो तेव्हा घसा पार बसला होता. ताईनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "प्रवासातली धूळ आहे, घाबरू नकोस." सभ्य माणसांचा ताप असाच एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

ताईकडे मी नुसता पाहुणचार झोडायला गेलो नव्हतो. भाचीचं पोलीस भरतीचं ग्राउंड त्याच आठवड्यात जालन्याला होतं. दाजींचं हायवेला पंक्चरचं दुकान, ते बंद ठेवणं अवघड. म्हणून पोरीला घेऊन जायची जबाबदारी मामाकडे आली होती. गेल्या खेपेला आठशे मीटर धावण्यात ती अगदी थोडक्यात राहिली. तेव्हापासून वर्षभर ही पोरगी शेजारच्या मैत्रिणीला घेऊन पहाटे हायवेच्या सर्व्हिस रोडवर धावत होती, ट्रक चुकवत, कुत्री हाकलत. पुढची भरती कधी निघेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि तोवर तिचं लग्न काढायला पाहुणेमंडळी टपलेलीच होती. थोडक्यात, त्या आठवड्यात त्या घरात एकच गोष्ट महत्त्वाची होती, आणि ती म्हणजे पोरीचं शरीर. मी तिथे नेमका ताप घेऊन पोचलो. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत.

सकाळी अंग भाजून निघत होतं. दाजींनी मोटरसायकलवरून गावातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "फ्लू आहे, पसरतो, घरात कुणाला जवळ येऊ देऊ नका." एवढं सांगून त्यांनी मला बाकड्यावर एक शेंबडं लेकरू आणि त्याची आजी यांच्या मधोमध बसवलं आणि सलाईन लावली. आमच्याकडे सलाईन लागल्याशिवाय आजाराला आजार म्हणत नाहीत.

घरी आल्यावर मी ऑफिसातल्या आवाजात जाहीर केलं, "ताई, माझा कप, ताट, तांब्या सगळं वेगळं ठेव. पोरीला ह्या खोलीत अजिबात पाठवू नको."

ताईनं मान हलवली. पण कोपऱ्यात मेथी निवडत बसलेल्या तिच्या सासूबाईंचा हात थांबला. मी त्यांना मावशी म्हणतो.

"काय वेगळं ठेवायचं?"

"कप, मावशी. माझा."

"ह्या घरात कुणाचाच कप वेगळा न्हाई ऱ्हात."

मावशी तरुण होत्या तेव्हा बाजारच्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेर, वळचणीला ठेवलेले असत. आपला कप आपण काढायचा, विसळायचा, पुढं धरायचा. मालक वरून चहा ओतणार, हात न लावता. पिऊन झालं की पुन्हा आपणच धुवून पालथा ठेवायचा. हे मला काही नवं नव्हतं. दर एप्रिलात जयंतीला मी पुण्यात आमच्या सोसायटीपुढे याच विषयावर भाषण करतो, लोक टाळ्याही वाजवतात. आपणच एक दिवस वेगळा कप मागू, हे फक्त त्या भाषणात नव्हतं.

तरी मी शास्त्राची बाजू सोडली नाही. म्हणालो, "मावशी, हे तसलं नाही. हा जंतू आहे. डोळ्याला दिसत नाही, पण एकाचा दुसऱ्याला लागतो."

"तवाचे लोकं बी असंच सांगायचे," मावशी म्हणाल्या. "दिसत न्हाई, पण लागतं."

मावशी मेथी निवडायला लागल्या आणि माझा कप सगळ्या कपांत जाऊन बसला.

दुपारपासून गल्ली लोटली. आजारी माणसाला भेटायला गेलं नाही तर उद्या आपल्याला कोण विचारील, असा आमच्याकडचा हिशेब. प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा आणायचा, कॉटवर माझ्याच अंगाला टेकून बसायचा आणि कपाळावर सगळा पंजा ठेवून म्हणायचा, "लई तापलंय की! सलाईन लावली का?" लावली म्हटलं की त्याचा जीव भांड्यात. मी तोंडाला रुमाल बांधला, तर एका म्हाताऱ्यानं तो मायेनं खाली ओढला, "जीव गुदमरंल, बाबा." दुसऱ्या दिवशी ताई तापानं झोपली. तिसऱ्या दिवशी दाजी दुकानाचं शटर अर्ध्यावर सोडून घरी आले. मावशींच्या वाटेला मात्र जंतू जात नव्हता. बहुधा त्यालाही त्यांच्याशी वाद घालायचा नसावा.

भाची पहिल्या दिवशी दुपारभर दारात उभी राहून ही गर्दी बघत होती. त्याच दिवशी दिवेलागणीला ती आत आली, मांडणीवरून एक कप घेतला, एक ताट घेतलं, खुंटीवरची चादर आणि बूट घेतले आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीकडं निघाली.

"कुठं निघाली गं?" मावशी.

"वर. ग्राउंड होईस्तोवर तिथंच ऱ्हाते. मामाचा कप वेगळा न्हाई, आज्जी. माझा वेगळा हाय. मला कुणी बाजूला न्हाई काढलं, मीच होऊन राह्यले."

मावशींना वाद घालायला समोर भाषण ठोकणारा मामा नव्हता, नात होती. मग तिचं जेवणखाण मैत्रिणीच्या घरून वर जाऊ लागलं. मावशी जिन्यापर्यंत जायच्या, वर बघायच्या आणि परत यायच्या.

ग्राउंडच्या दिवशी पहाटे मला भिंत धरून उभं राहता येत होतं, एवढीच प्रगती. मामाची जबाबदारी मैत्रिणीच्या वडिलांनी उचलली आणि लेकीला घेऊन ते पुढं स्टँडवर गेले. भाची खाली उतरली, डोक्याला स्कार्फ, पाठीला बॅग. मावशी चहाचा कप घेऊन बाहेर आल्या तशी ती अंगणात मागं सरकली.

"आज्जी, तिथंच ओट्यावर ठेव. जवळ नको येऊ."

मावशी उभ्या राहिल्या. मी दारातून बघत होतो आणि मला वाटत होतं, कुणीतरी ही वेळ टाळावी. शेवटी त्या वाकल्या, कप ओट्यावर ठेवला, पण हात काही सुटेना.

"आज्जी, गाडी जाईल."

तेव्हा हात सुटला. मावशी भिंतीपाशी सरकल्या. पोरीनं पुढं येऊन कप उचलला, उभ्या उभ्या चहा प्यायला, नळावर कप विसळला आणि ओट्यावर पालथा ठेवला. तिला घाई होती, बाकी तिच्या मनात काही नव्हतं. "जयभीम आज्जी," म्हणाली आणि पळतच गेली. मावशी त्या कपाकडे बघत राहिल्या.

दुपारी भाचीचा फोन आला. पोरगी मस्त धावली होती. गोळाही लांब गेला होता. लेखी परीक्षा बाकी होती, पण ग्राउंड निघालं होतं. ताई आनंदानं रडू लागली आणि रडता रडता खोकू लागली. दाजी तापातच म्हणाले, "आता दुकानात पेढे ठेवतो." मावशींनी फोन मागितला आणि आरशासारखा तोंडासमोर धरला.

"च्या पेली का तिथं?"

"पेले की. गेटाबाहेर टपरी हाय."

"कशात देला?"

"कागदाच्या कपात, आज्जी."

"सगळ्याईलाच तसला?"

"सगळ्याईला. साहेब लोकं बी त्यातच पिऊन राह्यले."

मावशींनी फोन माझ्याकडे दिला आणि माझ्या कॉटवर बसल्या. मी खोकत होतो. त्यांनी माझ्या हातातला अर्धा राहिलेला चहा काढून घेतला आणि मी नको नको म्हणेपर्यंत पिऊन टाकला.

"साखर कमी हाय," त्या म्हणाल्या.