नाक्यापलीकडचं शिलंगण

जेऊरच्या स्टेशनावर अण्णांनी माझी ट्रंक स्वतः डब्यात चढवली. हमाल उभा होता, पण त्याला हात लावू दिला नाही. पहाटे करमाळ्याहून बैलगाडीनं निघालो तेव्हापासून ते माझ्याशी अक्षर बोलले नव्हते. बैलांशी मात्र वाटभर बोलत होते. गाडीनं शिट्टी दिली तसे खिडकीशी आले नि म्हणाले, "सुशे, बिऱ्हाड कुठंही मांड. घर करमाळ्यालाच आहे, एवढं ध्यानात ठेव." आणि पाठ फिरवून चालू लागले. मी हात हलवत राहिले, तो त्यांच्या पाठीला.

वहिनी, त्या दिवशी माझ्या हातावर दही घालणाऱ्या तुम्हीच होतात. नव्या नवरीला अशी कामं कोण सांगतं? पण आई आत तोंड लपवून बसली होती. वर्षाच्या आत ती गेलीच. त्या दिवसाला आता दहा वर्षं होतील. परवाच्या पत्रात तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत, की मामंजींची सहाण तिकडंच राहिली का, असली तर कुणाबरोबर पाठवून द्या. तुमच्या पहिल्या दोन पत्रांना मी उत्तरच दिलं नाही, कारण उत्तर एका ओळीचं नाही. आज दसरा, शाळेला सुट्टी, तर सगळंच लिहिते. आपल्या गावाहून जी जी माणसं पोटापाण्यासाठी बाहेर पडली, त्यांनाही खुशाल वाचायला द्या. त्यांना पटेल.

मागच्या लढाईच्या शेवटी मानमोडीची साथ आली, त्यात माझा नवरा गेला. मी अकरा वर्षांची होते. त्यांचा चेहरा मला नीट आठवत नाही, उगाच खोटं कशाला बोलू? पुढं मी परसदारची झाले. दसऱ्याला पुरुष शिलंगणाहून परत आले की घरातल्या सगळ्याजणी दारात ताट घेऊन ओवाळायला उभ्या राहायच्या, आणि मी न्हाणीघराच्या चुलीत फुंकर घालत बसायची. कुणी मला हाकललं नव्हतं हो. माझं मीच उमजून बाजूला व्हायची. तेच जास्त लागायचं.

पण अण्णांनीच मला शिकवलं. कचेरीतून आले की पाटी घेऊन बसवायचे. भाऊबंद बोलले, त्यांनी ऐकलं नाही. सातवीची फायनल पास झाले, पुण्याला ट्रेनिंग झालं, तोवर ठीक होतं, कारण ते परत येण्यासाठी होतं. सोलापूरच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मात्र त्यांचा जीव खालीवर झाला. स्वतःच पंख द्यायचे आणि उडाली की रुसायचं! बापाची जात.

साखर पेठेत चाळीत दोन खोल्या मिळाल्या. पहिल्या रात्री वाटलं, इथं कुणी माणसं राहतात की नुसते माग? चहूकडं खटक-खटक, खटक-खटक. चार महिन्यांनी एकदा सणाला माग थांबले तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. उजवीकडं नरसय्या, त्याचा हातमाग आणि त्याची बायको लक्ष्मम्मा. ती त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. डावीकडं गंगव्वा, अक्कलकोटकडची. तिच्या नवऱ्याचं भुसारी दुकान. ती रागावली की कानडीत बोलते, त्यामुळं तिचं कानडी मला लौकर आलं.

आमचं रविवारचं फिरणं लक्ष्मम्माच्या कंबरेपायी सुरू झालं. दिवसभर बसून कांड्या भरायच्या, कंबर धरायची. डॉक्टर म्हणाला, रोज चाला. रोज कुठलं जमायला! रविवारी तरी चाल म्हटलं, तर म्हणते, "एकटी कसं जाऊ बाई? लोक इचारतील की, कुटं निघालीस म्हनून." मग मी निघाले. मग गंगव्वा म्हणाली, "व्हय की, मला सोडून जाता काय?" होता होता सहा-सातजणी झालो. सकाळी रूपाभवानीचं दर्शन घ्यायचं, तुळजापूरच्या रस्त्यानं जकात नाक्यापर्यंत जायचं, लिंबाखाली बसून भाकरी-चटणी खायची आणि परतायचं. पेठेतले लोक म्हणायचे, "पलटण निघाली." म्हणेनात! पलटणीसारखंच आम्ही सहसा रविवार चुकवत नाही.

आता गेल्या सालचं सांगते. घटस्थापनेच्या दिवशी दार वाजलं. बघते तर अण्णा! खांद्याला पिशवी, हातात सुताची जाड दोरी. पाणी प्यायच्या आधी म्हणाले, "ट्रंक कुठाय? ही दोरी त्यासाठी आणलीय. लढाई लागणार. लढाई आली की मागोमाग साथ येते आणि साथ आधी शहरात येते. मागच्या वेळी जावई घालवला, आता मुलगी घालवायची नाही. राजीनामा लिही. दसरा झाला की निघायचं."

माणूस घाबरला होता, वहिनी. करडा आवाज काढत होता, पण दिलेलं पाणी न पिता दोरीच चाचपत होता. मी म्हटलं, दसऱ्याला सांगते.

ते नऊ दिवस कसे गेले ते मला माहीत. सकाळी अण्णा पिशवीतून सहाण आणि खोड काढून गंध उगाळायचे, पूजा करायचे. तुम्हाला त्यांचा नेम ठाऊकच आहे, परगावी गेले तरी सहाण बरोबर. मग ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे, म्हणजे मला आत ऐकू यावं. त्यात रोज एकच, जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकिया. हे नाव काही त्यांच्या तोंडात बसेना. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याचं नुसतं 'चेक' केलं.

"चेकवरून लढाई पेटणार!" अण्णांनी वाचलं आणि शेजारचा माग खाडकन थांबला. नरसय्या धावत बाहेर आला. दिवाळीच्या लुगड्यांचं चौकडीचं सूत त्यानं कालच मागावर चढवलं होतं, आणि आमच्या पेठेत चौकडीला सगळे चेकच म्हणतात.

"अण्णासाब, चेकवर कशापायी लढाई? आमी तर लई वर्सं इनतो की!"

"अरे, कापड नाही. देश आहे तो."

"देश हाय?" नरसय्यानं छातीवर हात ठेवला. "मंग बरं झालं. मी म्हनलं, आता समदं सूत काढून पट्ट्याचं लावाया लागतंय का काय!"

अण्णा हसले. वहिनी, आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. चष्मा काढून डोळे पुसले. तो पुन्हा लावला आणि वर्तमानपत्राकडं पाहिलं. म्हणाले, "बरं झालं कसलं? तिथंही कुणाची पोरंबाळं असतीलच की." नरसय्याही ओशाळला. त्या दिवसापासून मात्र दुपारी अण्णा त्याच्या मागाशेजारी बसायला लागले. खंडेनवमीला त्यानं मागाची पूजा मांडली, तीही अण्णांनीच सांगितली.

तोवर बातमी आली की साहेबलोकांनी बसून तह केला, लढाई टळली. पेठेत साखर वाटली. मी आशेनं अण्णांकडं पाहिलं. ते म्हणाले, "आज टळली. उद्याचं काय?" खोटं कशाला सांगू, त्यांचंच खरं ठरलं.

दसरा सोमवारी होता, रविवारला लागून. त्या रविवारी नवमीच्या पूजेत आमचं फिरणं राहिलं होतं. गंगव्वा म्हणाली, "उद्या शिलंगण हाय. बाप्ये जातात, आपन का नको?" झालं! पलटणीनं ठरवून टाकलं. अण्णांना कळलं तर आधी म्हणाले, "बायका शिलंगणाला?" मग नेमकं शास्त्र काढलं, "शीव ओलांडायची ती आपल्या गावची. तुझी शीव करमाळ्याची. बिऱ्हाडाला कसली आलीय शीव?"

माझं डोकंच फिरलं. चपला घालता घालता मी म्हटलं, "अण्णा, मला तुमचं मन मोडवत नाही आणि शाळाही सोडवत नाही. आता तुम्हीच ठरवा. परत आल्यावर ट्रंक दोरीनं बांधलेली दिसली, तर मुकाट्यानं तुमच्याबरोबर येईन. उलटून शब्द बोलणार नाही."

बोलून गेले आणि चाळीच्या कोपऱ्यावर पोचायच्या आत पस्तावले. जीभ आपली, पण लगाम कुणाचा नाही! रस्ता नुसता फुलला होता. रूपाभवानीला हलगी वाजत होती, झेंडूचे ढीग, बायकांच्या डोक्यात घटातले कोवळे कोंब. सगळ्याजणी हसत होत्या आणि मी मनात ट्रंक भरत होते. तिसरीतल्या मुलींचा त्रैराशिकाचा धडा अर्धा राहिलाय. खिडकीतली तुळस कुणाला द्यायची? लक्ष्मम्माला रविवारी फिरायला कोण नेणार? तिनं माझ्याकडं दोनदा पाहिलं. माझ्या खांद्यावरची भाकरीची पिशवी काढून घेतली.

नाका ओलांडला. पलीकडं माळावर आपटा आहे, त्याच्या फांद्या घेतल्या. मी मागं वळून गावाकडं पाहिलं. गिरण्यांची धुराडी त्या दिवशी थंड होती. मला एकाएकी वाटलं, अण्णा काही म्हणोत, शीव ओलांडल्यासारखं मला आज वाटतंय. जेऊरला गाडीत बसताना वाटलं नव्हतं. तेव्हा नुसती भीती वाटली होती.

परत येताना नाक्यावरचा शिपाई आडवा आला. "काय आनलंय बाई?"

"सोनं!" गंगव्वा म्हणाली.

"मंग जकात पडती की सोन्यावर."

"जकात कशाला? सोनंच घे, आन सोन्यासारखा वाग!" असं म्हणून तिनं त्याच्या हातात पानं कोंबली. रांगेतले गाडीवान हसले, मीसुद्धा हसले. घराच्या वाटेला लागल्यावर मात्र मी सगळ्यांच्या मागं राहिले.

चाळीपाशी आलो तर सगळे पुरुष बाहेर उभे. माझी नजर आधी ओट्यावर गेली. ट्रंक नव्हती. आत असेल, म्हटलं. मग दाराकडं पाहिलं. अण्णांची ती जाड दोरी चौकटीला बांधली होती आणि तिच्यात झेंडू नि आंब्याची पानं ओवली होती. बांधली होती ती अगदी कारकुनी गाठीनं, दप्तर बांधतात तशी. तोरण एका बाजूला लोंबत होतं.

खाली अण्णा उभे. हातात माझं जेवायचं ताट, त्यात निरांजन, कुंकवाची कोयरी, भाकरीचा तुकडा. चेहरा असा, की कुणी हसलं तर खबरदार.

नरसय्या म्हणाला, "अण्णासाब म्हनले, शिलंगणाला गेलेलं मानूस तसंच आत घ्यायचं नसतंय. बायका समद्या तिकडं. मंग कोन ववाळनार?"

आधी त्यांनी लक्ष्मम्माला आणि गंगव्वाला ओवाळलं. उलट्या बाजूनं! गंगव्वानं त्यांचं मनगट धरून सरळ केलं, "असं नव्हं, असं, यप्पा!" मग मी पुढं आले. अण्णांचं बोट कोयरीशी गेलं आणि थांबलं. माझं मलाच वाटलं, आता बाजूला व्हावं. सवय, वहिनी! पण त्यांनी ताटाच्या कडेला ठेवलेली सहाण पुढं ओढली. दुपारीच उगाळून ठेवलं होतं. देवाला लावतात ते गंध त्यांनी माझ्या कपाळाला लावलं. ओवाळलं. भाकरीचा तुकडा माझ्यावरून उतरून टाकला. जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी कुणी दारात ताट घेऊन उभं होतं.

मी रडले, चारचौघांत रडले. मुलींना रडू नका म्हणून सांगणारी मी मास्तरीण. अण्णांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, पाया पडले. ते म्हणाले, "उठ. दारात उभी राहू नकोस. घरात ये."

घरात म्हणाले. दहा दिवस 'तुझं बिऱ्हाड, तुझं बिऱ्हाड' करणारा माणूस. त्यांच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं.

तिसऱ्या दिवशी ते एकटेच परत गेले. ट्रंक कॉटखालीच होती. त्यांना गाडीत बसवून मी आले, तर देवापाशी सहाण आणि खोड तसंच. आधी मला वाटलं, विसरले. पण जो माणूस परगावी दोन दिवसांसाठी जाताना धोतर विसरेल, सहाण विसरणार नाही, तो इथं बरी विसरतो! तुमच्याकडं ते 'राहिली वाटतं' म्हणत असतील, तर म्हणू देत.

औंदा लढाई खरीच लागली. रॉकेल महागलंय, सूत महागलंय, नरसय्या सकाळी पहिलं वर्तमानपत्रच विचारतो. साथीचं मीही मनात धरून आहे, अण्णांची भीती काही वेडी नव्हती. पण शाळा चालू आहे. पलटण चालू आहे, आता नऊजणी झालोत. आज सकाळी नाका ओलांडून आलो तर नरसय्या ताट घेऊन उभा होता, आणि सरळ बाजूनं ओवाळत होता. माझ्या कपाळाला गंधच लावलं.

दिवाळीला मी करमाळ्याला येते, चार दिवस. तुमच्या हातचं खाईन, अण्णांचे पाय चेपीन. सहाण मात्र आणणार नाही. अण्णांना तिथं नवी घेऊन द्या. त्याआधीच, कोजागरी झाली की, ते इकडं यायचं म्हणताहेत. आल्यावर सकाळी गंध कशावर उगाळतील? त्यांच्या घरात सहाण नको?